पडीक म्हणून नोंदलेला माळ

सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत एक उघडी, लाटांसारखी चढत-उतरत जाणारी जमीन पसरली आहे. पुण्याकडचे पुरंदर, बारामती, इंदापूर. साताऱ्याचे माण, खटाव. नगरचे कर्जत, श्रीगोंदा. सोलापूरचे करमाळा, माढा, मोहोळ अशी ती तालुक्यामागून तालुका चालत राहते. वर जेमतेम वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. वर्षाचा पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटर, तोही लहरी. मोठे झाड इथे ओढ्याकाठी किंवा देवळापाशी असते. बाकी हिवर, बाभूळ, बोर, तरटी, एखादी खैराची खुरटी फांदी, आणि त्यांच्यामधून दूरवर गवत. मराठीत याला माळ म्हणतात, माळरान म्हणतात. सरकारी कागदात याला पडीक म्हणतात.

मृगाचा पाऊस झाला की आठवड्याभरात माळावर पोपटी झाक येते. श्रावणात गवत गुडघ्याला लागते, दसऱ्याच्या सुमारास ते पिकते आणि माळ सोन्यासारखा पिवळा होतो. हे एक गवत नव्हे. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी त्याची कुळे आहेत आणि गुराख्याला ती पानावरून ओळखू येतात. पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची चांगली गवते. माळ फार चरला गेला की ही मागे हटतात आणि कुसळी पुढे सरकते. दबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये भारतातल्या गवताळ प्रदेशांची वर्गवारी केली, तेव्हा दख्खनच्या या साऱ्या पट्ट्याला त्यांनी पवन्या आणि मारवेल यांच्याच प्रजातींचे नाव दिले.

कुसळीचे बी जवळून पाहण्यासारखे असते. टोकाशी सुईसारखे अणकुचीदार, मागे बोटभर लांबीची पीळदार शेपटी. हवेत ओलावा आला की शेपटीचा पीळ सुटतो, ऊन पडले की पुन्हा बसतो, आणि या वळण्या-सुटण्यात बी स्वतःच जमिनीत स्क्रूसारखे शिरते. हेच बी माणसाच्या धोतरात अडकते आणि मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसते. त्यामुळे मेंढपाळ कुसळी फुलावर येण्याआधी तिच्यावर मेंढरे घालतो किंवा कुसळ झडून जाईपर्यंत तिकडे फिरकत नाही. गवताचे वेळापत्रक आणि माणसाचे वेळापत्रक असे एकमेकांत गुंतलेले आहे. माळ कोणी वापरतच नाही, ही समजूत या एका बियाने खोटी ठरते.

‘पडीक’ या शब्दाचा इतिहास महसुलाचा आहे. मुंबई इलाख्यात जमीनमोजणी आणि धाराबंदीची जी पद्धत पुढे सगळीकडे लागू झाली, ती गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये प्रथम इंदापूर तालुक्यात बसवली, म्हणजे ऐन माळाच्या मुलखात. मातीची खोली, तिचा रंग, तिच्यातले दोष पाहून तिची किंमत आण्यांत ठरवायची, ही त्या पद्धतीची रीत. ज्या तुकड्यावर नांगर चालत नाही त्यावर सारा नाही, आणि ज्यावर सारा नाही तो खराबा. शेताच्या आतला असा तुकडा म्हणजे पोटखराबा. हा शब्द आजही सातबाऱ्यावर जिरायत, बागायत, वरकस या रकान्यांच्या खाली आहे. मोजणी करणाऱ्यांना जमिनीचा सारा ठरवायचा होता, त्यामुळे त्यांनी सारा देणारी जमीन आणि न देणारी जमीन असे दोन भाग केले. त्यात लबाडी नव्हती. पण पुढच्या दीडशे वर्षांत त्या नोंदीचा अर्थ बदलत गेला. सारा न देणारी जमीन ही आधी निरुपयोगी ठरली, मग बिघडलेली ठरली, आणि शेवटी सुधारायची ठरली. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केंद्र सरकारने पडीक जमिनींचे नकाशासंग्रह काढले, त्यांतही झुडपी रान आणि खुरटे गवत यांचे मोठे पट्टे पडीक म्हणूनच रंगवले गेले.

या समजुतीला एक जोड मिळाली. माळ म्हणजे एकेकाळचे जंगल, माणसाने तोडून आणि गुरांनी चरून उजाड केलेले, असे शाळेच्या पुस्तकांपासून वनखात्याच्या आराखड्यांपर्यंत सर्वत्र गृहीत धरले गेले. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण सगळ्या माळाला ते लागू नाही. अलीकडे दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या अभ्यासकांनी जुने मराठी साहित्य, ओव्या आणि लोककथा यांतले वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. तेराव्या शतकापासूनच्या या उल्लेखांत निम्म्याहून अधिक रानझाडे उघड्या, गवताळ मुलखातली निघाली. म्हणजे निदान साडेसातशे वर्षे तरी हा प्रदेश घनदाट जंगलाचा नव्हता. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात संत कान्होपात्रेची आठवण म्हणून जे झाड दाखवतात ते तरटीचे आहे, वड-पिंपळाचे नाही. तरटी हे काटेरी, उन्हातान्हात वाढणारे, माळाचे झाड. वारकरी शतकानुशतके त्याला हात जोडत आले आणि त्याच झाडाचा मुलूख मात्र कागदावर उजाड जंगल म्हणून चढला.

माळ जुना आहे, तसाच तो वापरातलाही आहे. माण, फलटण, खटाव भागांतले हटकर धनगर पावसाळा आपल्या गावाच्या कोरड्या माळावर काढतात, कारण दख्खनी मेंढीला चिखल आणि सततचा पाऊस सोसत नाही. दिवाळीच्या आसपास त्यांचे वाडे हलतात. कोणी घाट उतरून कोकणात जातात, कोणी भीमेच्या, नीरेच्या खोऱ्यांतून फिरतात, आणि जूनच्या तोंडाशी परततात. वाडा म्हणजे घर नव्हे. चार-दोन कुटुंबे, त्यांची मेंढरे, घोडी, कुत्री आणि कोंबड्या असा तो चालता संसार असतो.

संध्याकाळी वाडा एखाद्या शेतात उतरतो. बाया घोडीवरचा बोजा उतरवतात, तीन दगडांची चूल मांडतात. गडी खुंट्या ठोकून वाघर लावतात. वाघर म्हणजे दोरखंडाची जाळी. तिच्या आत रात्रभर मेंढरे दाटीने बसतात, आणि सकाळी वाघर उठली की तेवढ्या चौकोनात लेंड्या आणि मूत यांचा थर पडलेला असतो. दुसऱ्या रात्री वाघर शेजारच्या चौकोनात. असे करत शेत खतावले जाते. शेतकरी त्याबद्दल पूर्वी धान्य देई, आता बहुधा पैसे देतो. त्याच मेंढरांच्या पोटातून बाभळीचे, हिवराचे बी मैलोन्‌मैल प्रवास करते. बांधावरच्या कित्येक बाभळी अशा न लावता उगवलेल्या असतात.

वाघरीबाहेर कुत्री जागी असतात, कारण रात्र लांडग्याची असते. भारतीय लांडगा हा जंगलाचा प्राणी नाही, तो माळाचा आहे. मुरमाच्या दरडीत, ओढ्याच्या काठाच्या बिळात त्याची घळ असते आणि हिवाळ्यात तिथे पिल्ले होतात. देशभरात तो सुमारे ३,००० उरला असावा, असा अंदाज आहे, म्हणजे वाघापेक्षाही थोडा. वाघाला व्याघ्रप्रकल्प आहेत. लांडग्याचा बहुतेक वावर अभयारण्यांच्या बाहेर, गायरानात, पडीत आणि लोकांच्या शेतात आहे. तो काळवीट आणि ससे धरतो आणि मेंढरेही धरतो. कोकरू गेले तर नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण तिला पंचनामा लागतो, पंचनाम्याला मेलेले जनावर दाखवावे लागते, आणि ज्याचे कोकरू गेले तो माणूस दुसऱ्या दिवशी दहा मैल पुढे गेलेला असतो. भरपाईची रचना घर-पत्ता असलेल्या माणसासाठी आहे. तरीही मेंढपाळांनी लांडगा संपवलेला नाही. तो शतकानुशतके वाड्याच्या मागोमाग चालत आला आहे. संवर्धनाची भाषा बोलणाऱ्या कोणालाही या गोष्टीपुढे क्षणभर थांबावे लागते.

माळाच्या कथेत सर्वांत जास्त गाजले ते मात्र एका पक्ष्याचे नाव. माळढोक हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांत अतिशय जड. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. पावसाळ्यात नर उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवून जमिनीपर्यंत लोंबवतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि खोल घुमणारा आवाज काढतो. गवत शांत असेल तर तो खूप लांब ऐकू येतो. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते. घरटे नाही, आडोसा नाही. दुरून येणारा शत्रू दिसावा म्हणून चहूबाजूंना मोकळी नजर हवी, एवढीच त्याची अट. आणि त्याचे अन्न? नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, आणि शेजारच्या शेतातला भुईमूग, ज्वारी, हरभरा. सोलापूरची रब्बी ज्वारी पावसाच्या ओलीवर येते, तिला पाणी नको, फवारे नकोत, आणि ती निघाल्यावर शेत महिनोन्‌महिने उघडे राहते. माळढोकाला गवत आणि जिरायत शेत यांची ही गोधडी हवी होती. निव्वळ रान त्याला पुरले नसते.

उत्तर सोलापुरातल्या नान्नजजवळ सत्तरच्या दशकात माळढोक असल्याचे सर्वांच्या ध्यानात आले आणि १९७९ मध्ये सोलापूर-नगर जिल्ह्यांतले तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. गोव्याच्या दुपटीहून मोठे. हेतूबद्दल शंका नव्हती. पण एवढ्या क्षेत्रात वनखात्याची जमीन थोडी, बाकी सगळी गावे, वाड्या, शेते, रस्ते, बाजारपेठा. कागदावर अभयारण्य पडले म्हटल्यावर जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवाना, उद्योग, बांधकाम या साऱ्यांवर सावट आले. लेकीच्या लग्नासाठी चार एकर विकायची तर कचेरीत अडकलेली. पक्षी दिसणे हे पूर्वी शकुनाचे किंवा कुतूहलाचे होते. आता तो दिसला म्हणून सांगणे म्हणजे स्वतःच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून घेणे झाले.

मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातही हाच अनुभव आला. करेरा इथे १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, त्याची जमीन बहुतांश शेतकऱ्यांचीच होती. सुरुवातीला पक्षी वाढले. मग निर्बंधांचा जाच, त्यात वाढलेल्या काळविटांनी पिकांत घातलेला धुमाकूळ, आणि गावांचा राग त्या पक्ष्यावरच वळला. नव्वदच्या दशकात करेऱ्यातून माळढोक नाहीसा झाला. अभयारण्य पुढेही कित्येक वर्षे कागदावर तसेच राहिले.

महाराष्ट्रात अभयारण्याच्या हद्दीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ च्या सुमारास नान्नज अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. लोकांचा जीव भांड्यात पडला. पण तोवर तीस वर्षे गेली होती, आणि त्या काळात खरा बदल अभयारण्याच्या हद्दीने नव्हे, पाण्याने घडवला होता. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. कालवे, विंधणविहिरी, शेततळी आली. जिथे ज्वारी होती तिथे ऊस आला. नान्नज हे गाव तर द्राक्षासाठी देशात ओळखले जाते. सोनाका हा द्राक्षाचा वाण इथल्याच नानासाहेब काळे यांच्या बागेत निवडला गेला. दुष्काळी मुरमातून एका शेतकऱ्याने असे काही उभे करावे, ही अभिमानाची गोष्ट आहे. तिच्याकडे माळढोकाचा शत्रू म्हणून बोट दाखवणे अन्यायाचे होईल. पण द्राक्षाच्या मांडवात, तारांमध्ये, वर्षभर चालणाऱ्या फवारणीत माळढोकाला जागा नाही, हेही तितकेच खरे. उघड्या, पावसावरच्या शेतीला जर कोणी भाव दिला असता, ज्वारी पेरणाऱ्याला द्राक्षाच्या शेजारी मान ताठ ठेवून उभे राहता आले असते, तर गोष्ट वेगळी होण्याची शक्यता होती. तसे काही झाले नाही. अभयारण्याने शेतकऱ्याला काय करू नये ते सांगितले. जिरायत शेती करत राहण्यासाठी त्याला काहीच दिले नाही.

आता नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते. देशात उरलेले दीडशेच्या आतले पक्षी मुख्यतः राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत, आणि तिथेही उच्चदाबाच्या तारांना धडकून ते मरतात, कारण त्यांना समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. तारा जमिनीखालून नेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा आदेश २०२४ मध्ये शिथिल झाला. जैसलमेरला अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचा प्रकल्प चालू आहे. पिल्ले वाढतील, त्यांना सोडायला माळ लागेल.

काळविटाची गोष्ट उलटी आहे. कर्जत तालुक्यात रेहेकुरी इथे १९८० मध्ये अभयारण्य झाले ते अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. काळवीट तिथे जगले, वाढले आणि अर्थातच बाहेर पडले. त्यांना कुंपण कळत नाही, हरभऱ्याचा कोवळा शेंडा कळतो. आजूबाजूच्या शेतकऱ्याच्या वाट्याला गोफण घेऊन मचाणावर जागवलेल्या रात्री आल्या. एक अभयारण्य गावांसह पसरले आणि एक गावांच्या मधे टिकलीएवढे राहिले; प्राणी आणि शेतकरी दोन्हीकडे एकाच जमिनीवर होते.

माळाचे मोठे नुकसान ज्यांना माळाचे भले करायचे होते त्यांच्याही हातून झाले आहे. उघडी जमीन दिसली की तिथे झाड लावावे, ही भावना आपल्याकडे इतकी घट्ट आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस झाडांचा वैरी वाटतो. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम झाला. लावायची कुठे? जिथे जमीन मोकळी आहे तिथे. माळावर यंत्राने सलग समतल चर खणले गेले, मुरूम वर आला, गवताची जुनी मुळे उलटली, आणि ओळीने गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी अशी रोपे आली. गिरिपुष्पाला खेड्यात उंदीरमारी म्हणतात. त्याचा पाला मेंढरे सहसा तोंडात धरत नाहीत. झाड जगले तर त्याच्या सावलीत पवन्या मरतो. झाड मेले, तर मागे उरतो तो उकरलेला चर आणि त्यात रुजलेले तण. दोन्ही बाजूंनी माळ जातो. गवत आपला कर्ब मुळांत, जमिनीखाली साठवते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. रोपे मोजता येतात, त्यांच्यासोबत छायाचित्र काढता येते. डोंगरउतारावर पाणी अडवणारे चर गरजेचे आहेत, गावठाणाला सावली हवी, ओढ्याकाठी झाडे हवीत. प्रश्न जागेचा आहे. धाविक, माळटिटवी, चंडोल, खोकड आणि हिवाळ्यात हजारो मैलांवरून येणारे भोवत्या पक्षी ज्या जमिनीवर जगतात, ती त्यांना झाडांवाचूनच हवी असते.

गायरानाचा प्रश्न याहून अवघड, कारण तिथे दोन्ही बाजूंना माणसेच आहेत. गावाच्या गुरांसाठी राखलेली सामाईक जमीन म्हणजे गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये तिची तरतूद आहे. पण ज्यांच्या वाट्याला गावाच्या शिवारात एक गुंठाही आला नाही, त्यांना ही सामाईक जमीन एकच आशा होती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा जो देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला, त्यात पडीक जमीन कसणाऱ्याला द्या ही मागणी होती. मराठवाड्यात दलित कुटुंबांनी मार खाऊन गायराने कसली आणि १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली. या लोकांना गवताचे महत्त्व सांगण्याचा अधिकार शंभर एकर ऊस असलेल्या कोणालाही नाही. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी राखण्याचा निकाल दिला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले आणि वाडीवस्त्यांवर धास्ती पसरली. त्याच सुमारास गायराने सौरऊर्जा प्रकल्पांना देण्याची योजना वेग घेत होती. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्री अंधारात विंचू-सापांतून मोटर चालू करायला जावे लागू नये, ही त्या योजनेमागची गरज खरी आहे. पण भूमिहीनाला जे गायरान अतिक्रमण म्हणून नाकारले जाते, मेंढपाळाला ज्यावर हक्काने उतरता येत नाही, ते काचेच्या पाट्यांखाली मात्र सहज घालता येते. कागदावर ते पडीक आहे म्हणून.

माणूस काढून टाकल्याने माळ वाचत नाही, याचे काही पुरावे माळावरच आहेत. अकोला-वाशीम भागातले फासेपारधी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शिकारी. इंग्रजांनी पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला आणि स्वातंत्र्यानंतर तो कायद्यातून गेला तरी लोकांच्या नजरेतून गेला नाही. पावसाळ्यात गवतातून उभी उडी घेऊन पुन्हा गवतात नाहीसा होणारा तणमोर नेमका कुठल्या तुकड्यात उडी घेतो, हे त्यांना ठाऊक होते. फासा तिथेच मांडायचा असे. ‘संवेदना’ या संस्थेसोबत त्याच समाजातल्या माणसांनी तणमोराच्या जागा शोधणे, गवताचे तुकडे राखणे हे काम हाती घेतले. शिकारीचे ज्ञान फेकून द्यावे लागले नाही. ज्याला पक्षी कुठे आहे हे कळते त्याच्याइतका चांगला राखणदार दुसरा नसतो.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात मोकाट चराई आणि कुऱ्हाड बंद केली, सिंचनासाठी विंधणविहीर घेणे थांबवले. गवत जनावराने खायचे नाही, विळ्याने कापून न्यायचे. डोंगर हिरवा झाला, चारा वाढला, दूध वाढले. गावाने गावासाठी घेतलेला निर्णय म्हणून हा नमुना मोलाचा आहे. पण चराईबंदी जशीच्या तशी उचलून सगळीकडे लावली तर तिचा पहिला फटका फिरत्या वाड्याला बसतो. ग्रामसभेत त्याचे मत नसते. शिवाय वर्षानुवर्षे अजिबात न चरलेला माळही बिघडतो. जुने गवत सुकून आडवे पडते, नवे कोंब त्याखाली गुदमरतात, वणवा लागला तर तो आवरत नाही.

इंदापूरच्या कडबनवाडीसारख्या ठिकाणी चिंकारा पाहायला लोक येऊ लागले आहेत आणि गावातली तरुण पोरे वाटाडे म्हणून सोबत जातात. त्यातून मिळणारा पैसा थोडा असला तरी माळाकडे बघण्याची गावाची नजर बदलते. मात्र याच पट्ट्यात कोंबडीपालनाची शेड वाढली, मेलेल्या कोंबड्या माळावर फेकल्या जाऊ लागल्या, त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. ज्या लांडग्याला मेंढपाळाच्या काठीने संपवले नाही, तो कुत्र्यांच्या रक्तात आणि त्यांच्या रोगांत विरघळून जाऊ शकतो. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरणे, कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणे ही साधी कामे आहेत. त्यांना अभयारण्याची अधिसूचना लागत नाही, ग्रामपंचायत आणि पशुवैद्यकीय दवाखाना पुरतो.

उरतो तो पावसाळ्याचा पेच. माळावरचे अनेक पक्षी जून ते सप्टेंबर या काळात जमिनीवर अंडी घालतात. याच महिन्यांत गवत फुलावर येते, त्याचे बी पडायला हवे. आणि याच महिन्यांत वाडे घरी असतात. मेंढरांना चरायला दुसरी जागा नसते. माळ पूर्ण बंद केला तर मेंढपाळ मोडतो, पूर्ण उघडा ठेवला तर अंडी तुडवली जातात. जुनी कुरणे राखणाऱ्यांना यातून जी वाट सापडली होती तीच आजही लागू पडते: माळाचे तुकडे पाडायचे आणि आळीपाळीने राखायचे. तीन तुकडे असतील तर यंदा एक बंद, दोन उघडे. पुढच्या वर्षी बंदीची पाळी दुसऱ्यावर. कोणता तुकडा केव्हा, हे वाड्याच्या म्होरक्याला विचारून ठरवायचे, कारण कुसळ कुठे आधी पिकते ते त्याला माहीत असते. बंद तुकड्यात दसऱ्यापर्यंत पाय टाकायचा नाही. दसरा उलटला, बी झडले, पिल्ले उडून गेली की तिथे पहिला विळा लागतो. भारे बांधून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गावाकडे जातात. खुंटावर मेंढरे दोन-चार दिवस फिरतात. मग घोड्यांवर बोजे चढतात, वाघर गुंडाळली जाते आणि वाडा घाटाच्या दिशेने चालू लागतो.